मामांची दुर्बीण

पावसाळा ओसरू लागला की धर्मग्रामातील दोन-चार तरुण माझ्याकडे हमखास एक प्रश्न घेऊन येतात, "फादर, दुर्बीण कोणती घ्यावी?" त्या सुमारास वसईच्या मिठागरांवर आणि खाडीकाठच्या पाणथळीत दूरदेशीचे पक्षी उतरू लागलेले असतात. सकाळच्या मिस्सानंतर गळ्यात दुर्बीण अडकवून बांधावरून हिंडणारा त्यांचा धर्मगुरू त्यांना दिसतो, आणि या विषयात त्याला पुष्कळ कळत असावे असा त्यांचा समज होतो. मला थोडेफार कळते हे खरे. परंतु ते मी एका चुकीतून शिकलो आहे. ती चूक सांगितल्यावाचून नुसता सल्ला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझे थोरले मामा शिकारी होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याआधीच्या काळातील ही गोष्ट. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. खाडीवरची बदके, भातखाचरातले पाणलावे, तुंगारेश्वराच्या पायथ्याचे ससे असा त्यांचा संसार. बंदुकीइतकीच त्यांना प्रिय होती ती चोरबाजारातून आणलेली जुनी लष्करी दुर्बीण. तिचा काळा रंग उडून कडांवर पितळ उघडे पडले होते. मामा म्हणत, "बंदूक उचलण्याआधी दुर्बीण उचलावी. समोर काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो शिकारी कसला?"

कायदा आला तशी त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. दुर्बीण तेवढी राहिली. माझा जन्म त्या सुमाराचा, त्यामुळे मी पाहिलेले मामा शिकारी नव्हतेच. रविवारी दुपारी मला सायकलच्या दांडीवर बसवून मिठागरावर नेणारे आणि "हा शेकाट्या, ही तुतारी, तो थापट्या" असे एकेक नाव शिकवणारे मामा मला ठाऊक. पुढे सेमिनरीत असताना मी डॉ. सालीम अली यांच्याविषयी वाचले. त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ते १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेले, आणि तेथून एका पक्षिशास्त्रज्ञाचा प्रवास सुरू झाला. ते वाचताना मला मामाच आठवले. मारणाऱ्या डोळ्याचा पाहणारा डोळा होतो, ही माझ्या घरातलीच गोष्ट होती.

१९९८ साली माझी गुरुदीक्षा झाली, त्या दिवशी मामांनी ती दुर्बीण तिच्या चामडी पेटीसकट माझ्या हातात ठेवली. त्या दिवसापासून ते मला 'फादर' म्हणू लागले, अहो-जाहो करू लागले. मी पेटी कपाटात ठेवली. त्यानंतर तीन धर्मग्राम बदलले, पुस्तकांच्या खोक्यांबरोबर पेटीही हिंडली. अकरा पावसाळ्यांत मी ती एकदाही उघडली नाही. कामे होती, सभा होत्या, बांधकामे होती. मामांची भेट सणावाराला होई. ते कधीतरी विचारत, "दुर्बीण आहे ना, फादर?" मी म्हणे, "आहे ना, मामा, जपून ठेवली आहे."

२००९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मामा अंथरुणाला खिळले. त्यांचा पलंग खिडकीशी होता आणि खिडकीतून मिठागर दिसत असे. त्यांनी निरोप पाठवला, "येताना दुर्बीण आणा." मी रुग्णाभ्यंगाचे तेल आणि दुर्बीण दोन्ही घेऊन गेलो. विधी आटोपल्यावर त्यांनी थरथरत्या बोटांनी ती डोळ्यांना लावली. त्या जातीच्या दुर्बिणीत दोन्ही नेत्रिका वेगवेगळ्या फिरवाव्या लागतात. ते बराच वेळ फिरवत राहिले.

"दिसतं का, मामा?" मी विचारले.

"दिसतं रे, पोरा," ते म्हणाले. "शेकाट्या आहेत. पुष्कळ आहेत."

अकरा वर्षांनी त्यांनी मला पुन्हा 'पोरा' म्हटले होते. त्यांनी ती माझ्या हाती दिली तेव्हा मी ती माझ्या डोळ्यांना लावली. आत कोळिष्टकासारखे पांढुरके जाळे पसरले होते. त्यापलीकडे उजेडावाचून काहीही दिसत नव्हते. आठवड्याभरात मामा गेले. त्या दुपारी क्षमा देण्यासाठी मी गेलो होतो आणि मी न मागताच मला ती देऊन एक मरणासन्न माणूस मोकळा झाला होता.

पुढे मी ती दुर्बीण मुंबईतील एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्यांनी ती खोलून पाहिली आणि म्हणाले, "ही बुरशी आहे, फादर. ती पुसली जाईल, पण तिने काचेला घेतलेला चावा पुसला जाणार नाही." दोष चामडी पेटीचा आणि बंद कपाटाचा होता. चामडे दमट हवेतला ओलावा धरून ठेवते. त्यात अंधार आणि कोंडलेली हवा मिळाली की बुरशीला आणखी काही लागत नाही. ज्या वस्तूला मी 'जपून ठेवले' म्हणत होतो, तिला मी केवळ दृष्टीआड केले होते.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. आता तरुणांना सांगतो ते असे. दुर्बिणीवर ८ × ४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बहुतेकांना मोठ्या पहिल्या आकड्याचा मोह पडतो. पण दुर्बीण पक्ष्याला जितकी मोठी करते तितकाच आपल्या हाताचा कंपही मोठा करते आणि दिसणारा परिसर आकसतो. हातात धरून पाहण्यास आठपट पुरे. दहापटीला हात स्थिर हवा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशबिंबाचा व्यास मिळतो. ८ × ४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, खिशात मावणाऱ्या १० × २५ मध्ये अवघा अडीच. दुपारच्या उन्हात आपली बाहुली लहान असते, म्हणून फरक जाणवत नाही. पहाटे आणि सांजवेळी मात्र तोच फरक सर्वस्व ठरतो. जर्मनीतील शिकारी संधिप्रकाशात मचाणावर बसताना ८ × ५६ ची अवजड दुर्बीण घेऊन जातात ते याचसाठी. मात्र वयानुसार बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही, तेव्हा माझ्या वयाच्या माणसाने ते ओझे मानेवर घेण्यात फारसा अर्थ नाही.

आतल्या लोलकांचेही दोन प्रकार आहेत. इग्नात्सियो पोरो या इटालियन गृहस्थाने १८५४ साली ज्याचे पेटंट घेतले, त्या रचनेच्या दुर्बिणीचे खांदे रुंद असतात. सरळ नळ्यांची दुर्बीण आटोपशीर असते, पण ती उत्तम बनवणे खर्चाचे. पैसे बेताचे असतील तर पहिल्या प्रकारात अधिक चांगली प्रतिमा पदरात पडते. काचेवरचा लेपही पाहावा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळपास एकतृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. १९३५ साली झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर विरळ लेपाचा उपाय शोधला. आज सर्व पृष्ठभागांवर अनेक पदरी लेप असलेली दुर्बीण घ्यावी. आपल्या हवेत ती जलरोधक आणि आत नायट्रोजन भरलेली असावी, म्हणजे आतून वाफ धरत नाही. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसते का ते दुकानातच पाहावे. आणि पाच मिनिटे पाहिल्यावर डोळे ताणले गेले किंवा दोन प्रतिमा दिसल्या, तर ती दुर्बीण कितीही स्वस्त असली तरी परत करावी.

घरी आणल्यावर ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्याला स्पष्ट करावे. मग डावा झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेचे कडे फिरवावे. भिंगावरची धूळ प्रथम फुंकणीने उडवावी, मग मऊ ब्रशने झटकावी आणि त्यानंतरच स्वच्छ, मऊ कापड फिरवावे. सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. धुळीचा कण काचेवर ओरखडा काढतो. पावसाळ्यात तिला चामडी पेटीतून काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. रंग बदलणारे दाणे घ्यावेत, म्हणजे ते ओलावले की कळते, आणि मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात. मुलांच्या हाती देताना सूर्याकडे कधीही पाहायचे नाही, हे आधी बजावावे. क्षणभरात दृष्टी जाऊ शकते. या सर्वांहून मोठी काळजी म्हणजे ती वापरणे. जी दुर्बीण आठवड्यातून एकदा उजेड आणि मोकळी हवा पाहते, तिला बुरशी सहसा गाठत नाही.

बेथसैदाच्या आंधळ्याचा प्रसंग आला की मला प्रवचनात थोडे थांबावे लागते. प्रभूच्या पहिल्या स्पर्शानंतर त्याला दिसू लागले, पण धूसर. माणसे झाडांसारखी भासली. तसे त्याने स्पष्ट सांगितले, म्हणून दुसरा स्पर्श झाला. माझ्या मामांनी मात्र माझ्यासाठी 'दिसतं' असे सांगितले. ते खोटे होते की प्रेम, याचा निवाडा सेमिनरीत शिकलेल्या नीतिशास्त्राच्या आधारे मला अजून करता आलेला नाही. एवढे मात्र कळते, की नात्यांवरही अशीच बुरशी चढते. आपण त्यांना 'जपून ठेवले' म्हणतो आणि कपाट उघडत नाही.

मामांची दुर्बीण आजही माझ्याकडे आहे, कोरड्या डब्यात. तिच्यातून काही दिसत नाही. तिच्या शेजारी माझी ८ × ४२ असते. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघर जातो तेव्हा, ज्यांच्या खिडकीतून खाडी किंवा झाडे दिसतात त्यांच्यासाठी मी ती बरोबर नेतो. आणि बंगल्यातून निघण्यापूर्वी एकदा ती स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहतो.