खाडा नको म्हणून

परवा आईची ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास थेट मस्तकात गेला. साड्यांखाली तिची लोकलची पर्स होती. आत जुना पास, थोडी चिल्लर आणि पॅरासिटामॉलची अर्धी स्ट्रिप, मुदत कधीच उलटलेली.

विरारचा फलाट आठवला. पावसाळ्यातली पहाट, लेडीज डब्याच्या जागी उभी असलेली आई. अंगाला हात न लावताही धग जाणवावी इतका ताप. तिनं अंगठ्यानं गोळी फोडली, बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली आणि गाडी फलाटाला लागायच्या आत पदर खोचला. मी कॉलेजला त्याच गाडीनं जायचे. "घरी जा ना," म्हटलं, तर म्हणाली, "खाडा लागेल."

डांबरगोळीशी या गोळीचं जुनं नातं आहे. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्गला कान आणि हेप या डॉक्टरांनी जंतांच्या रुग्णासाठी नॅफ्थलीन, म्हणजे डांबरगोळीतलंच रसायन, मागवलं. दुकानातून चुकून अ‍ॅसिटॅनिलाइड आलं. जंत हटले नाहीत, ताप मात्र उतरला! ते औषध बाजारात आलं, पण घेणाऱ्यांचे ओठ आणि नखं निळी पडू लागली. पुढे १९४८ मध्ये ब्रोडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवून दिलं की, शरीरात त्याचं पॅरासिटामॉल होतं आणि खरा गुण त्याचाच.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. गोळीनंतर घाम फुटतो आणि दुपारपर्यंत कारखान्यात शिलाई मशीनवर हात चालतो, एवढं तिला पुरे होतं. दुपारी ताप पुन्हा चढायचा, ती दुसरी गोळी घ्यायची. रात्री विरारला उतरायची तेव्हा डोळे लालबुंद असायचे.

तापात शरीरानं स्वतःच मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकवलेला असतो. गोळी तो खाली आणते. आतला मलेरिया, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिस जागचा हलत नाही. नालासोपाऱ्यात, वसई पूर्वेला गुडघाभर पाण्यातून चालत कामावर जाणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात. पण त्यालाही मर्यादा आहे. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. दारू पिणाऱ्याला, यकृत अधू असलेल्याला त्याहून कमी. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांतही बहुधा तेच औषध असतं, आणि बेरीज कुणी करत नाही. जास्त झालं की यकृत पोखरलं जातं, आणि तेही गुपचूप: पहिल्या दिवशी नुसती मळमळ, खरा घात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे संशय आला की त्रास व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

माझा राग मात्र गोळीवर नाही. तापानं फणफणलेल्या बाईचा दिवसाचा पगार कापणाऱ्या त्या कारखान्यावर आहे, आणि तो निवलेला नाही. त्या फलाटावर तिला औषधाइतकीच अंथरुणाची गरज होती.

१९४८ सालीच आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यातून आलेल्या विमा योजनेत नोंदलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. गोळी घरोघरी पोचली, हा कायदा नाही पोचला. वसईहून भल्या पहाटे फुलांच्या, भाजीच्या पाट्या घेऊन निघणाऱ्या बायका, अर्नाळ्याच्या मासळीवाल्या, घरकाम करणाऱ्या मावशी, या सगळ्या त्याच्या बाहेर. त्यांच्या पिशवीत स्ट्रिप असते, रजा नसते.

आमच्या मावशींना कसर वाटली तर मी त्यांना पैसे न कापता घरी पाठवते. पण ती माझी मर्जी झाली. उद्या त्या दुसऱ्या घरी लागल्या, तर तिथल्या मर्जीवर त्यांचा ताप अवलंबून राहील. तापात घरी पडून राहणं हा त्यांचा हक्क असला पाहिजे, आणि तो कायद्यात लिहिलेला असला पाहिजे.