पादुआत मुक्काम

मे २०२३ मध्ये आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे, आमची नववीतली मुलगी आणि बाहत्तर वर्षांची आई, इटलीला जाऊन आलो. सगळ्यांचा सल्ला एकच होता : वेनिसला राहा, बाकीचे एकेका दिवसात उरका. आम्ही नेमके उलटे केले. मुक्काम पादुआत ठेवला आणि वेनिस एका दिवसात पाहून आलो. आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर, आणि खोलीचे भाडे पुष्कळ कमी.

पादुआ निवडण्याचे आणखी एक कारण आमच्या शिवोलीतच आहे. आपल्या चर्चचा सेंट अँथनी तो हाच, पादुआचा. जन्म लिस्बनचा, मृत्यू १२३१ साली पादुआजवळ. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आला. आई लग्न होऊन शिवोलीत आल्यापासून त्या चर्चवरून ये-जा करते. "त्याचं मूळ घर तरी बघू," असे तीच म्हणाली.

पहिल्या रात्री मात्र आम्ही चुकलो. स्वस्त म्हणून स्टेशनजवळची खोली घेतली होती. ती निघाली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! आईचे गुडघे, चार बॅगा, त्यात पाऊस. ती काही बोलली नाही, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून उभी राहत होती, एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही ती जागा सोडली.

अँथनीच्या बॅसिलिकाच्या परिसरात यात्रेकरूंसाठी साधी निवासस्थाने आहेत. तिथे तळमजल्यावर खोली मिळाली. पांढऱ्या चादरी, सकाळी पाव आणि कॉफी. शहराचा पर्यटनकर माणशी वेगळा द्यावा लागतो, तो हिशेबात धरावा. पालकांना आमचे सांगणे एवढेच, की घरातले वडीलधारे बरोबर असतील तर इथेच राहावे. स्टेशनवरून ट्राम जवळपास दारात येते. १५४५ साली सुरू झालेली विद्यापीठाची वनस्पतिबाग पाच मिनिटांवर आहे, तिथे १५८५ मध्ये लावलेले ताडाच्या जातीचे एक झाड अजून उभे आहे. जत्तोच्या भित्तिचित्रांचे स्क्रोव्हेन्यी चॅपेल थोडे दूर, पण ट्रामच्याच वाटेवर. त्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि आत मोजका वेळच थांबू देतात. गर्दीच्या श्वासातल्या दमटपणाने रंग खराब होऊ नयेत म्हणून आधी एका बंद खोलीत बसवतात. मुलीला हे चित्रांपेक्षा जास्त आवडले. असो.

विद्यापीठ १२२२ सालचे. गॅलिलिओने तिथे १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षे शिकवले. त्याचे म्हणून सांगितले जाणारे लाकडी व्यासपीठ आम्ही पाहिले. पण आई थांबली ती जिन्यापाशी, एका बाईच्या पुतळ्यासमोर. एलेना कोर्नारो पिस्कोपिया, विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री मानली जाते ती. तिला धर्मशास्त्राची पदवी हवी होती; बिशपने बाईमाणसाला ती देण्यास हरकत घेतली. शेवटी २५ जून १६७८ रोजी तत्त्वज्ञानाची मिळाली. ऐकायला इतके लोक लोटले की परीक्षा कॅथीड्रलमध्ये घ्यावी लागली.

मुलीने हे सारे आजीला समजावून सांगितले. आमची आई मराठी चौथी शिकलेली. माहेर नदीपलीकडे पेडण्यात, पुढची शाळा अलीकडे, आणि मुलीला एकटीने फेरीने कोण पाठवणार?

"हिला शाळेत कोण सोडायचं गं?" आईने विचारले.

"घरीच शिकली, आजी. वडील मोठे श्रीमंत होते, शिक्षक घरी यायचे."

"म्हणजे फेरीचा प्रश्न नव्हता," आई म्हणाली, आणि पुतळ्याकडे पाहत राहिली. वाटाड्या पुढे गेला होता. आम्ही त्याला जाऊ दिले.

संध्याकाळी प्रातो देल्ला व्हाल्लेच्या विस्तीर्ण चौकात बसलो. तिथे पाण्याच्या कडेने ७८ पुतळे आहेत. आजी आणि नात फेरी मारून आल्या. "सगळे पुरुषच," नातीने तक्रार केली. एलेनाचा पुतळा इथे बसवावा का, यावर त्या शहरात वादही झाला आहे, हे आम्हाला घरी परतल्यावर कळले.

रात्री खोलीवर आईने नातीकडून ते लांबलचक नाव देवनागरीत लिहून घेतले, दोनदा वाचले आणि कागद पासपोर्टात ठेवला.