आमेलियाची कैफियत

पोर्तुगीज कादंबरीकार एसा द केइरॉश यांची १८७५ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ‘पाद्री आमारोचा अपराध’ ही कादंबरी आज रात्री वाचून संपवली. आणि लेइरिया गावातली ती भाविक आमेलिया, जिच्या आईच्या घरी तरुण पाद्री आमारो भाडेकरू म्हणून राहावयास येतो, काही केल्या मनातून हलेना.

ज्या पुरुषापुढे गुडघे टेकून आपली पापे उच्चारायची आणि ज्याच्याच मुखातून क्षमा ऐकायची, त्याच्यावर तिचा जीव जडावा, आणि ईश्वरभक्ती कोठे संपली व अनुराग कोठे सुरू झाला हे तिचे तिलाही उमगू नये, यात मला तिचा यत्किंचितही दोष दिसत नाही. कॅथॉलिक चर्चच्या ११३९ मधील दुसऱ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांचे विवाह रद्दबातल ठरवले, त्या फर्मानाचा जाच अनेकांनी सोसला हे खरे. (पूर्वेकडील कॅथॉलिक पंथांत विवाहित पुरुषास आजही दीक्षा मिळू शकते, तेव्हा हा श्रद्धेचा सिद्धांत नसून शिस्तीचा कायदा आहे.) परंतु आमारोने दीक्षा त्यागून तिचा हात धरला असता, तर मी त्यास अंतःकरणपूर्वक क्षमा केली असती. पण त्याने गर्भवती आमेलियाला दूर दडवले. प्रसूतीनंतर ती गेली, परक्या बाईच्या हवाली केलेले तान्हे मूलही दगावले, आणि तो मात्र पाद्र्याच्या झग्यात सुखरूप राहिला.

आमेलियाच्या मृत्यूचा जाब मी रोमच्या आधी आमारोकडेच मागतो.