पाटाच्या काठचे कोपरगाव

शिर्डीला जाणाऱ्यांच्या वाटेवर कोपरगाव लागते आणि बहुतेकांच्या गाड्या तेथे न थांबताच पुढे जातात. वास्तविक गाव जुने आहे. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे येथे येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी येथेच वारले. त्यांचा वाडा गावात आहे. बेट भागात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कचाला संजीवनी विद्या मिळाली ती याच परिसरात, अशी येथील श्रद्धा. मात्र आज दिसणाऱ्या कोपरगावला, त्याच्या उसाला आणि साखर कारखान्यांना आकार दिला तो गोदावरीच्या कालव्यांनी. येथील जुनी माणसे कालवा म्हणत नाहीत. ती ‘पाट’ म्हणतात.

माझ्या आईचे माहेर या पाटाच्या काठचे. तिचे वडील पाटकरी होते. आईला आता अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू आहे आणि चार वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. अण्णा तिच्याहून पाच वर्षांनी मोठे. आम्ही एकलहऱ्याला राहतो. दिवसभर मी दवाखान्यात आणि पत्नी शाळेत असल्याने आईजवळ अण्णाच असतात. गेल्या दोन वर्षांत ते घरापासून किराणा दुकानाच्या पुढे गेलेले नव्हते. जानेवारीत सहल ठरवली ती आईसाठी, असे आम्ही सर्वांना सांगितले. खरे तर माझ्या मनात अण्णा अधिक होते. रुग्णाचा रक्तदाब आम्ही डॉक्टर दर भेटीत मोजतो. रुग्णाला सांभाळणाऱ्याचा मात्र क्वचितच.

गोदावरी आमच्याही दाराशीच आहे. औष्णिक केंद्रासाठी एकलहऱ्याला तिच्यावर बंधारा आहे. तेथून खाली, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा लागतो. इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, गोदावरी कालव्यांची योजना झाली. दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी नदीनेच नांदूरपर्यंत येते, बंधाऱ्यामुळे त्याची पातळी वाढते आणि ते डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. वरून आलेल्या गाळावर पाणवनस्पती वाढल्या, पक्षी येऊ लागले आणि माणसाने शेतीसाठी अडवलेले हे पाणी महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

आमचा पहिला मुक्काम तेथेच. निरीक्षण मनोऱ्यावर चढण्याचा आग्रह कोणी धरला नाही. काठावर दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या, आईच्या अंगावर शाल घातली आणि गरम चहा काढला. जांभळ्या पाणकोंबड्या अगदी जवळ होत्या. नातवाने दुर्बीण पुढे केली, ती आईने बाजूला सारली. साध्या डोळ्यांनी तिला जे दिसत होते ते तिला पुरेसे होते.

येथे थोडे वैद्यकीय बोलणे भाग आहे. प्रवासाच्या दिवशी वडीलधारी माणसे पाणी पिणे बंद करतात आणि लघवी जास्त होणारी गोळी गुपचूप टाळतात. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, ही त्यांची भीती खोटी नसते आणि ती बोलून दाखवण्याचा संकोच तर त्याहून मोठा असतो. परंतु पाणी कमी पडले की चक्कर येते, बद्धकोष्ठता वाढते आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ काही तासांत विकोपाला जाऊ शकतो. गोळी कोणत्या वेळी घ्यायची हे आदल्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये. पाणी मोजून घेण्यास सांगितलेल्या हृदयरुग्णांनी तेच प्रमाण पाळावे. आम्ही दर दोन तासांनी थांबण्याच्या जागा फोन करून आधीच ठरवल्या होत्या. आईला डायपर होता, कपड्यांचा जादा जोड होता आणि तिच्या पोलक्याच्या खिशात नाव व माझा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती.

कोपरगावला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. वाडा बाहेरूनच पाहिला, कारण आईला गर्दी आणि जिने दोन्ही नकोत. मंदिरात दर्शन झाले. मग गावाबाहेर, डाव्या कालव्यावर गेलो. रब्बीचे आवर्तन चालू होते. मातकट, संथ पाणी काठोकाठ वाहत होते आणि पलीकडे उसाचे फड. कालव्याला कठडा नसतो, आणि चालता येणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तो सर्वांत मोठा धोका. म्हणून आईला पाण्यापासून चांगले दूर, बाभळीखाली बसवले आणि पत्नीने तिचा हात धरून ठेवला.

पाण्याकडे बराच वेळ पाहून आई म्हणाली, “तात्या अजून पाटावरून आले नाहीत?”

तात्यांना जाऊन चाळीस वर्षे झाली. अशा वेळी “अगं आई, तात्या कधीच गेले” असे सांगण्याची सवय अनेक घरांत आढळते. सत्य सांगितल्याचे समाधान सांगणाऱ्याला मिळते. ऐकणाऱ्याला मात्र ती वार्ता प्रत्येक वेळी नवी असते आणि दुःखही नवे. “येतील आता” असे खोटेही आम्हाला म्हणायचे नव्हते. पत्नीने विचारले, “आई, तात्या पाटावर जाताना काय घेऊन जायचे?”

“कंदील,” आई म्हणाली. “आणि काठी. रात्रीची पाळी असली की लोक चारी फोडतात. भांडणं होतात.” मग कोणाच्या शेताला आधी पाणी आणि कोणाला नंतर, याविषयी ती पुष्कळ बोलली. त्यातले सगळेच सुसंगत नव्हते. नातवाचे नाव तिला त्या दिवशीही आठवले नाही आणि आम्ही ते विचारलेही नाही. “हा कोण, सांग बघू?” ही परीक्षा घरोघरी चालते, तीत रोज नापास होणारे माणूस हळूहळू बोलणेच सोडते. जुन्या आठवणी या आजारात बहुधा उशिरापर्यंत टिकतात, म्हणून ओळखीच्या जागी नेणे बऱ्याचदा सुखाचे ठरते. नेहमीच ठरते असे नाही. रुग्ण अस्वस्थ झाला, तर त्याच क्षणी परत फिरण्याची तयारी हवी.

त्या तासाभरात अण्णा एकटेच कालव्याच्या रस्त्याने दूरवर चालत गेले. दोनदा त्यांनी मागे वळून पाहिले आणि दोन्ही वेळा मी हाताने “जा” अशी खूण केली. नंतर ते एका टपरीवर बसलेले दिसले, समोर चहा आणि शेजारी दोन अनोळखी शेतकरी. हसताना त्यांचे खांदे हलतात, हे मी विसरलोच होतो.

ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि दहीभात घरूनच नेला होता. जेवण होताच आम्ही निघालो. उन्हे उतरू लागली की या रुग्णांची बेचैनी वाढते, त्यामुळे अंधारापूर्वी घर गाठणे आवश्यक होते. सिन्नरच्या अलीकडे आई “घरी चला, घरी चला” म्हणू लागली. अण्णांनी तिचा हात हातात घेतला आणि उसाला पाणी कोणाचे आधी, हाच विषय पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी आईला सहल आठवत नव्हती. पण सकाळी तिने न सांगता दोन फुलपात्री पाणी प्यायले आणि नेहमीपेक्षा शांत होती. दर रविवारी दुपारी दोन तास अण्णांनी बाहेर पडायचे आणि आईजवळ आम्ही थांबायचे, असे आता घरात ठरले आहे. पहिल्या रविवारी ते अर्ध्या तासातच परतले, दुसऱ्या रविवारी पुरे दोन तासांनी. कालव्याचे पुढचे आवर्तन कधी सुटणार, हे त्यांनी त्या टपरीवाल्याला विचारून ठेवले आहे.