गिरो तिसऱ्या माळ्यावर

माझं पहिलं भूत आजीनेच नापास केलं. लालबागच्या चाळीत, गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या आजीला मी वहीतली गोष्ट वाचून दाखवली. भुताला शिंगं होती, डोळ्यांत जाळ होता, नखं वीतभर. आजीने एक खडा वेचून बाजूला टाकला आणि विचारलं, "ह्येचा घर खय? आणि तेका व्हया काय?" दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. "मगे तां भूत न्हय. सोंग ता."

पुढे दिवाळी अंकांसाठी अद्भुतकथा लिहायला लागले, तरी कागदावर पहिल्यांदा हेच दोन प्रश्न उतरतात. घर कुठलं, आणि हवंय काय.

कोकणातल्या भुतांना ही उत्तरं जन्मतःच, म्हणजे मरतानाच, मिळालेली असतात. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा; त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती अळवंत. पैशात जीव अडकला तो समंध. देवचार शिवेवर फिरतो, गिरो पाण्यात राहतो. दिसतात कसे, हे आजी फारसं सांगतच नसे. मेले कसे, अडकले कुठे आणि काय दिलं की वाट सोडतात, एवढंच सांगायची. या भुतावळीत जातीची उतरंडही आहे, हे मला फार उशिरा दिसलं. ब्राह्मणाच्या पोराचा मुंजा होतो आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचा खवीस. खवीस मी अजून एकदाही वापरलेला नाही. गावाने ज्याला जिवंतपणी वेशीबाहेर ठेवलं, त्याला मेल्यावर मी पुन्हा दाराशी उभा करून लोकांना कशाला घाबरवू?

वेतोबा मात्र माझा लाडका. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा हा राखणदार रात्री गावभर फिरतो, म्हणून त्याला चपला वाहतात. माणसाच्या पायात येणार नाहीत एवढ्या मोठ्या. आणि त्या झिजतात, असं गाव सांगतं. आमचे आजोबा गिरणीत रात्रपाळीला जायचे. "वेतोबा पण रात्रपाळीकच," असं आजी म्हणायची तेव्हा त्यात विनोद नसायचा. देवाचं सामर्थ्य सांगायला मी पानभर विजा पाडल्या असत्या. गावाने त्याच्या चपलेचा तळ दाखवला.

हे सगळं कागदावर आलं त्याची गोष्टही विलक्षण आहे. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. हाच जॅक्सन गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा करत होता, हे कोणी शिकवत नाही. त्याच्यामागे एन्थोवेन या अधिकाऱ्याने ती टिपणं छापली; कोकणचा भाग 1915 चा. हजेरीपटावर मुलांची नावं मांडावीत तशी त्यात भुतं मांडलेली आहेत. मला ती कोरडी मांडणीच उपयोगी पडते. रंग भरायला जागा राहते.

मध्यंतरी हंगेरीच्या लोककथा वाचताना लिदेर्त्स भेटला. काळ्या कोंबडीचं पहिलं अंडं काखेत उबवलं की तो जन्मतो. मालकाला धन आणून देतो, रात्री छातीवर बसून त्याला वाळवतो, आणि सारखं काम मागत राहतो. सुटायचं तर न होणारं काम सांगायचं : वाळूचा दोर वळ, चाळणीतून पाणी आण. आपल्याकडेही 'काम दे, नाहीतर खातो' म्हणणाऱ्या भुताला कुत्र्याचं शेपूट सरळ करायला बसवतातच. लिदेर्त्स माणसाच्या रूपात आला तर त्याचा एक पाय हंसाचा असतो. आपल्या हडळीची पावलं उलटी. सगळं अंग माणसाचं आणि खोट फक्त पायात! शिंगं लावण्यापेक्षा हे किती काटकसरीचं काम. मोह झाला म्हणून मी लिदेर्त्सला उचलून थेट परळला आणला. गोष्ट फसली. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं झोपतात. तिथे काळी कोंबडी पाळणार कोण आणि काखेत अंडं लपवणार कुठे?

मग गिऱ्याकडे वळले. गिरो पाण्याकाठी ओळखीच्या आवाजात हाक मारतो. ओ देऊन गेलात की खोल पाण्यात नेतो. म्हणून आजीची ताकीद होती : "एका हाकेक ओ देव नको. तीनदा मारल्यान तरच." भूत एकदाच हाक मारतं, माणूस पुन्हा मारतो. पण मुंबईत गिऱ्याचं घर कुठलं? ते मिळालं एका म्युनिसिपल अधिकाऱ्याच्या पुस्तकात. रुस्तम मसानी हे मुंबई महापालिकेचे सचिव. मलेरियाचे डास वाढतात म्हणून पालिका शहरातल्या विहिरी बुजवायला निघाली, तेव्हा लोक आडवे आले : विहिरीतल्या देवाभुतांचा कोप होईल. त्या हकिकतींतून मसानींनी 1918 मध्ये विहिरींच्या लोकसमजुतींवर अख्खं पुस्तकच लिहिलं.

माझी गोष्ट मग गिरगावच्या एका वाडीत घडली. विहिरीवर लादी पडली, लादीवर पोरं कॅरम मांडून बसली. खाली अडकलेला गिरो जाणार कुठे? विहारचं पाणी 1860 मध्येच नळाने शहरात आलं होतं. पाणी जिथवर चढतं तिथवर गिऱ्याची हद्द. तो पाइपातून तिसऱ्या माळ्यावर पोचला. घर मिळालं. त्याला हवंय काय, हे सापडायला आणखी चार महिने गेले. विहीर होती तेव्हा बायका पाण्याकडे यायच्या, बोलायच्या, एकमेकींना हाका मारायच्या. आता पाणीच घरात जातं. पाण्याकडे कोणी येत नाही. त्याला कोणीतरी ओ द्यायला हवं आहे. म्हणून पहाटे साडेचारला, चाळीत नेहमी उठते तशीच, शेजारणीच्या आवाजात हाक येते : "पाणी इलां गोऽऽ!" आणि बायका कळशा घेऊन उठतात.

ही गोष्ट आजी असती तर पास झाली असती, असं वाटतं. दुसरा भाग मात्र अडलाय. आमची चाळ पाडून टॉवर झाला. मी बाविसाव्या मजल्यावर राहते. नळाला चोवीस तास पाणी, त्यामुळे पहाटे कोणी उठत नाही, कोणी हाक मारत नाही. गिऱ्याने आता आवाज काढायचा तरी कोणाचा?

परवा पहाटे साडेचारला इंटरकॉम वाजला. वॉचमन होता, टाकी धुवायची आहे, पाणी भरून ठेवा म्हणत होता. उचलण्याआधी मी तो तीनदा वाजू दिला.