दुसऱ्या सीटवरचे पाय

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बल आणि गतीचा धडा आला की मुले हमखास विमानावर येतात. माणसे घरीसुद्धा विमान बांधतात असे सांगितले की वर्गात हसू फुटते. मग आम्ही अमोल यादव यांचे नाव घेतो. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले विमान २०१६ साली मुंबईतल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. हसू थांबते, प्रश्न सुरू होतात. त्यातला सगळ्यात चांगला प्रश्न असा असतो : दुसऱ्या सीटवर बसणाऱ्याने काय करायचे?

त्याचे उत्तर पायाशी आहे. वैमानिकाच्या हातात दांडा असतो, पायाखाली दोन पेडल. दांड्याने विमान कलते, चढते, उतरते. पेडलने सुकाणू हलते आणि नाक डावी-उजवीकडे फिरते. वारा आडवा असेल तर उतरताना नाक धावपट्टीशी जुळवायला पायच लागतात.

अमेरिकेत बर्ट रुटान यांचे लाँग-ईझी हे विमान १९७९ साली पहिल्यांदा उडाले. त्यांच्याकडून आराखडे विकत घ्यायचे आणि फोम, फायबरग्लास वापरून आपल्या गॅरेजात विमान बांधायचे, असा तो मामला. सीट दोन, एकामागे एक. मागच्या माणसाला दांडा दिला आहे, पेडल मात्र नाहीत. या विमानाचे पुढचे चाक मोकळे फिरते. जमिनीवर ते वळवायचे ब्रेकने, आणि ब्रेक पुढच्याच माणसाच्या पेडलच्या शेवटच्या दाबात. म्हणजे मागचा माणूस हवेत विमान सांभाळेल, पण चाके टेकली की नुसता बसून राहील.

आमचे घर पुष्कळ वर्षे असेच चालले. स्वयंपाकपाणी, आमची शाळा, पाहुणे, लग्नकार्य, सगळे अम्मीने सांभाळले. बँक, घरपट्टी, वीजबिल, रेशनकार्ड अब्बांकडे. २०१९ साली अब्बांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. पैसे खात्यात होते, दवाखान्याचे बिल समोर होते, आणि अम्मीच्या सहीचा नमुना एकाही खात्यावर नव्हता. कोणी तिच्यावर जुलूम केला नव्हता. घर बांधताना तिच्या पायाशी पेडल ठेवायचे कोणाला सुचलेच नव्हते, एवढेच.

विमान बांधून झाल्यावर दुसऱ्या सीटला पेडल बसवणारे लोक आहेत. ते काम सोपे नाही. जागा आधीच ठरलेली असते. शेजारी-शेजारी सीट असतील तर दोन्ही जोड्या नळ्यांनी एकमेकींना जोडतात. मागेपुढे असतील तर पुढून येणाऱ्या तारांशी मागची पेडल जोडायची. तार कुठे घासत नाही ना, सुकाणू दोन्ही बाजूंना पुरते फिरते ना, डावे दाबल्यावर डावीकडेच जाते ना, नट सुटणार नाही ना, हे एकेक पाहावे लागते. वजन वाढते. दुसऱ्याचा बूट अडकायची, घाबरून पाय रोवला जायची भीतीही येते.

आणि चांगल्या हेतूने केलेला बदलही घात करू शकतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेजवळ समुद्रात कोसळून गेले. ते एकटेच होते. त्यांचे लाँग-ईझी दुसऱ्या कोणी बांधलेले होते, आणि इंधनाचा खटका आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. तिकडे वळून हात नेताना उजवे पेडल नकळत दाबले गेले आणि विमान हातचे गेले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. म्हणूनच तिथे मोठा बदल केला की विमानखात्याला कळवावे लागते आणि प्रवासी न घेता निदान पाच तास चाचणी उड्डाण करावे लागते.

अम्मीचे पाच तास फार लांबले. आधी सहीचा सराव, जुन्या वहीच्या पानांवर. मग संयुक्त खाते. मग पासबुकातल्या जमा-नावेच्या रकाना ओळखणे. एटीएमशी आम्ही बाजूला उभे राहायचो, हात मागे बांधून. बी.एड.ला आम्हांला शिकवले होते की विद्यार्थ्याच्या हातातला खडू ओढून घेऊ नये. आईच्या बाबतीत ते फार जड जाते.

जोडलेल्या पेडलची एक गंमत आहे. दुसऱ्याने डावे दाबले की आपल्याही पायाखालचे डावे सरकते. इतकी वर्षे एकट्याने चालवलेल्या माणसाला ते सहन करावे लागते. म्हणून वैमानिक ताबा देताना मोठ्याने सांगतात, ताबा तुझ्याकडे. घेणारा म्हणतो, माझ्याकडे. मग देणारा पुन्हा म्हणतो, तुझ्याकडे. संशयाला जागाच राहत नाही.

अम्मीने पहिल्या चेकवर सही केली तेव्हा अब्बांनी तो डाव्या हाताने मागून घेतला. बराच वेळ पाहिला. आकडा वाचला, अक्षरी रक्कम वाचली, सहीवर अंगठा फिरवला. आम्ही श्वास धरून उभे होतो. मग त्यांनी तो चेक आमच्या हातात न देता अम्मीच्याच हातात दिला.