दवंडी

गावातला दवंडीवाला चौकात एकदाच ओरडे. युनिक्सचा दवंडीवाला घराच्या प्रत्येक खिडकीशी येऊन ओरडतो! ‘वॉल’ ही ती आज्ञा. ‘दहा मिनिटांत यंत्र बंद होईल’ असे तिला सांगितले, की नोंद असलेल्या प्रत्येक टर्मिनलवर ते उमटते. माझ्या एका सहकाऱ्याच्या सहा खिडक्या उघड्या असत. बिचाऱ्याला एकच निरोप सहा वेळा. ‘मेस्ग एन’ लिहून कान झाकावेत, तर मुख्य व्यवस्थापकाची दवंडी तेही जुमानत नाही.

आणि तो व्यवस्थापक मीच! एकदा मी असाच निरोप धाडला. त्याने सवयीने कंट्रोल आणि एल दाबून समोरचा पडदा स्वच्छ केला नि कामाला लागला. यंत्र बंद झाले. आदल्या रात्रीपासून चाललेले त्याचे गणित अर्ध्यावरच गेले.

“अरे, सांगायचे नाही का?” तो म्हणाला.

मी शेजारच्याच टेबलाशी बसलो होतो.